हसऱ्या आठवणींतील उद्वेग : लक्ष्मीबाई टिळक आणि नगर–राहुरीची वर्षे

१

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी वाचकाने या ग्रंथाची गणना प्रामुख्याने प्रसन्न ग्रंथांत केली आहे. घरगुती बोलीचा गोडवा, निर्व्याज विनोद, स्वतःच्या फजितीवर स्वतःच हसण्याची वृत्ती ही त्याची वैशिष्ट्ये पाठ्यपुस्तकांतून आणि समीक्षेतून इतक्या वेळा सांगितली गेली आहेत की, हा ग्रंथ मुळात कोणत्या अनुभवांची कथा सांगतो याचाच विसर पडावा. अल्पायुषी ठरलेली अपत्ये, वारंवार घर सोडून जाणारा पती, त्याच्या धर्मांतरानंतरचा दीर्घ वियोग, दुष्काळ, प्लेग आणि अखेर वैधव्य, असा हा अनुभवक्रम आहे. आजच्या वैद्यकीय परिभाषेत ज्यांस नैराश्य व चिंताविकार म्हणतात त्यांच्या सीमेवर, आणि कदाचित त्या सीमेच्या आतही, या ग्रंथाची नायिका अनेकदा उभी असलेली दिसते.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे दोन प्रश्न पडावयास हवेत. एक, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका मराठी स्त्रीने असा उद्वेग कशाच्या बळावर सोसला? आणि दुसरा, त्या उद्वेगाचा पुरावा जर चाळीस वर्षांनंतर हसत हसत सांगितलेल्या आठवणींत असेल, तर त्या हसण्याचा अर्थ कसा लावावा?

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व साधनांच्या दारिद्र्यामुळे वाढते. ज्या जिल्ह्यात या कथेचा निर्णायक भाग घडला, त्याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी येथे १७२५ मध्ये अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला, आणि त्यांच्याच नावावरून २०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्यात आले. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये निवर्तले. उतारवयात कन्या मुक्ताबाई सती गेली. इतके आघात सोसलेल्या या स्त्रीचा राज्यकारभार, न्यायदान, घाट व मंदिरे यांविषयी विपुल कागद उपलब्ध आहेत. परंतु तो कागद कारभाराचा आहे. त्यात दुःख आले तरी ते वार्ता म्हणून येते, अनुभव म्हणून नव्हे. अहिल्याबाईंची रात्र कशी गेली हे दफ्तर सांगत नाही.

ब्रिटिश अंमलातील कागद याबाबत अधिक बोलका नाही. १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावून दिली आणि १९१२ च्या कायद्याने तीत फेरफार केले. परंतु या कायद्यांच्या दृष्टीस पडण्यासाठी माणूस घराबाहेर आणि मर्यादेबाहेर जावा लागे. जी स्त्री स्वयंपाक करते, पाणी भरते आणि चुलीपुढे बसून निःशब्द खंगत जाते, तिची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नसे. म्हणून अशा स्त्रीने स्वतः सांगितलेली हकीकत हे इतिहासाचे दुर्मीळ साधन ठरते.

२

साधनाकडे वळण्यापूर्वी त्या काळच्या मराठीने मनोव्यथेसाठी कोणती भाषा उपलब्ध करून दिली होती ते पाहणे इष्ट आहे, कारण माणूस आपली व्यथा आपल्या भाषेने दिलेल्या साच्यातच ओळखतो.

‘नैराश्य’, ‘अवसाद’, ‘चिंताविकृती’ ही आजची शास्त्रीय नामे संस्कृतातून घडविलेली आहेत व ती ग्रांथिक आहेत. घरातील बायकांच्या तोंडी असलेले शब्द निराळे : काळजी, घोर, धास्ती, धसका, हुरहूर, उदासवाणे वाटणे, जीव घाबरा होणे, जीव टांगणीला लागणे, मन उडणे, हाय खाणे. यांतील ‘काळजी’चे नाते ‘काळीज’ या शब्दाशी आहे, म्हणजे चिंतेचे स्थान मराठीने मस्तकात न मानता उरात मानले. ‘हाय खाणे’ या प्रयोगात तर आघात हा अन्नासारखा पोटात जातो आणि आतून माणसाला पोखरतो. देह आणि मन यांची फारकत या शब्दसंग्रहास ठाऊक नाही.

याहून लक्षणीय आहे ती वाक्यरचना. मराठीत घोर लागतो, वेड लागते, भूत लागते, ध्यास लागतो, दृष्ट लागते, तशीच भूकही लागते. या सर्वांत व्यथा ही बाहेरून येऊन चिकटणारी वस्तू असून, भोगणारी व्यक्ती वाक्यात चतुर्थीच्या रूपाने येते. ‘तिला काळजी वाटते’ या वाक्यात ‘ती’ कर्ता नाही. व्यथा भोगणाऱ्याकडे कर्तृत्व नाही आणि म्हणून दोषही नाही, अशी ही रचना आहे. ती एका अर्थी दयाळू आहे. मात्र जे लागले ते काढण्यासाठी देवऋषी बोलावावा, ही वाटही तिच्यातूनच निघते.

परिहारासाठी मराठी जी क्रियापदे वापरते तीही पाहण्यासारखी आहेत. मन रमते, मन मोकळे होते, जीव हलका होतो, घोर सुटतो. म्हणजे बायकांच्या भाषेने दोन उपाय मानले होते : कशात तरी गुंतणे आणि कोणाजवळ तरी बोलणे. यांखेरीज तिसरी एक गोष्ट असते. ती असेपर्यंत तिचा उच्चारही कोणी करीत नाही. ती म्हणजे माणसाचे स्थान : आपण कोणाच्या कोण, हे एका शब्दात सांगता येणे. लक्ष्मीबाईंच्या चरित्रात नेमकी हीच तिसरी गोष्ट नाहीशी झाली.

३

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ त्यांच्या जन्माने होत नाही, तो १८५७ च्या उठावाच्या सावटाने होतो. उठावानंतरच्या धरपकडीत त्यांच्या आप्तांतील एका वडीलधाऱ्या पुरुषास फाशी झाली. या घटनेचा त्यांच्या वडिलांनी असा धसका घेतला की, त्यांच्या वृत्तीत कायमचा पालट होऊन त्यांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घ्यावी लागे. विटाळाच्या शंकेने घरातील बायकामुले सदैव धास्तावलेली असत.

लेखिकेने हा भाग विनोदाने सांगितला आहे आणि वाचकही तो विनोद म्हणूनच वाचत आला आहे. परंतु त्यातील कार्यकारणभाव डोळ्यांआड करता येत नाही. राज्यकर्त्यांच्या दहशतीने एका गृहस्थाच्या मनात भीती शिरली. त्या भीतीस उघड वाट नव्हती, म्हणून ती धर्माचाराच्या वाटेने बाहेर पडली. आणि त्या आचाराचा सारा भार घरातील स्त्रियांच्या हातांवर पडला. पुरुषाच्या भीतीचे रूपांतर स्त्रीच्या कामात होते, हे या प्रकरणाचे सार आहे. मृत व्यक्तीस रोगनाम देणे इतिहासकाराचे काम नव्हे. परंतु भीती ही वारशाने येऊ शकते आणि ती सोवळ्याच्या धाबळीतून येऊ शकते, एवढे या साधनावरून निःसंशय म्हणता येते. नगर–राहुरीच्या पर्वाचा अर्थ लावताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास मनकर्णिकेचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळक कवी, वक्ते, उदार आणि अत्यंत अस्थिर वृत्तीचे होते. एका नोकरीत वा एका गावात ते फार काळ टिकत नसत, आणि पत्नीस न सांगता निघून जाणे हे त्यांचे नित्याचे होते. घरात पैसा राहत नसे, कारण तो दुसऱ्याच्या गरजेस जाई. वियोगाची मोठी वेळ येण्याच्या कितीतरी आधीपासून या स्त्रीस वाट पाहण्याची, म्हणजेच हुरहुरीची सवय झालेली होती. दत्तू, म्हणजे पुढे ग्रंथकार व संपादक म्हणून ओळखले गेलेले देवदत्त टिळक, याचा जन्म १८९१ मध्ये झाला.

४

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे वय त्या वेळी सत्तावीसच्या आत-बाहेर होते आणि पदरी चार वर्षांचा मुलगा होता. या वार्तेने त्या कोलमडून गेल्या. पुढील चार-साडेचार वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. बहीण भिकुताई व मेहुणे नानासाहेब पेंडसे यांचा आसरा त्यांना होता, आणि काही काळ पंढरपूर येथेही त्यांचे वास्तव्य झाले.

या दुःखाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. ते केवळ पतिवियोगाचे दुःख नव्हते. तो काळ वियोगाचाच होता. नोकरीसाठी, शिक्षणासाठी वा यात्रेसाठी दूर गेलेल्या पुरुषांच्या बायका घरोघरी होत्या. वैधव्यही घरोघरी होते, आणि त्याची रीत, वेश, व्रते व अपमान हे सर्व ठरलेले होते. लक्ष्मीबाईंची अवस्था या कोणत्याच चौकटीत बसत नव्हती. पती जिवंत होता, म्हणून त्या विधवा नव्हत्या. पती जातीबाहेर गेला होता, म्हणून सवाष्ण म्हणून त्यांना मिळणारा मान निर्वेध राहिला नव्हता. पतीने त्यांना टाकले नव्हते, उलट तो पत्रे पाठवून बोलावीत होता. म्हणून त्या टाकलेल्या बायकोच्या वर्गातही मोडत नव्हत्या. त्यांनीही पतीस टाकले नव्हते. त्यांचे मन त्याच्याकडेच ओढ घेत होते. कुंकू लावावे तर लोकांच्या नजरा, न लावावे तर अमंगळ.

ज्या भाषेत नात्यागोत्याच्या प्रत्येक बारकाव्यास वेगळा शब्द आहे, जाऊ, नणंद, भावजय, विहीण, सवत या प्रत्येकीचे स्थान नेमून दिलेले आहे, त्या भाषेत या स्त्रीच्या अवस्थेस नाव नव्हते. नाव नाही तेथे रीत नाही, आणि रीत नाही तेथे सांत्वनही नाही. विधवेजवळ काय बोलावे हे शेजारणीस ठाऊक असते. लक्ष्मीबाईंजवळ काय बोलावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे ज्याने मन मोकळे व्हावे ते बोलणेच त्यांना काट्यासारखे झाले. आधार देणारे आप्त हेच पतीस दोष देणारेही होते. एका बाजूची माया घ्यावी तर दुसरीशी द्रोह व्हावा, असा हा पेच होता.

कायद्याकडे पाहिले तर तेथेही हीच स्थिती आढळते. १८६६ च्या कायद्यान्वये ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस, धर्मांतराच्या कारणावरून जोडीदाराने सहवास नाकारल्यास, न्यायालयात जाऊन अखेर विवाह मोडून घेण्याची सोय होती. सोय होती ती धर्मांतर करणाऱ्यास. मागे राहिलेल्या पत्नीस न्यायालयाने विचारावयाचे ते एवढेच की, ती पतीकडे जाण्यास तयार आहे की नाही. जावे तर धर्म आणि माहेर सुटते, न जावे तर विवाह सुटू शकतो. टिळकांनी हा मार्ग धरला नाही हे त्यांच्या स्वभावास शोभणारेच होते. परंतु कायद्याच्या रचनेत पत्नीचे स्थान उत्तर देणाऱ्याचे होते, प्रश्न विचारणाऱ्याचे नव्हते.

अशा स्थितीत त्यांना सावरून धरणाऱ्या गोष्टी फार थोड्या होत्या. दत्तू हे त्यांतील पहिले कारण. त्याचे खाणेपिणे, आजारपण आणि हट्ट यांनी दिवसाला आकार दिला. दुसरे कारण बहिणीचे घर. मराठी कुटुंबव्यवस्थेच्या इतिहासात सासरच्या जाचाविषयी व माहेरच्या ओढीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु विवाहित बहिणीचे घर ही तिसरी आश्रयाची जागा अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. माहेर हे वडिलांचे वा भावाचे, सासर हे पतीचे. बहिणीचे घर यांपैकी कोणाचेच नसल्यामुळे, जिचे स्थान सुटले आहे अशा बाईस ते चालते.

५

१८९९ च्या सुमारास लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या. हे स्थलांतर अविचाराने वा एका क्षणाच्या भावनेने झालेले नव्हते. पतीच्या गावी जावयाचे, पण आपला धर्म व आपली चूल वेगळी ठेवावयाची, अशी त्यांची भूमिका होती. आरंभी त्या सोवळे कडकपणे पाळीत राहिल्या. आपण कोठे उभे राहावयाचे याचा निर्णय त्यांनी आयुष्यात प्रथमच स्वतः घेतला होता.

नगर हे गाव या दृष्टीने वेगळे होते. अमेरिकन मिशनचे काम तेथे १८३१ पासून चालत आले होते. सिंथिया फरार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तेथे मुलींच्या शाळा चालविल्या, आणि सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते याच परंपरेत. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचे धर्मशिक्षणाचे विद्यालय १८७८ पासून तेथे चालू होते आणि टिळक त्यात अध्यापन करीत. शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांमुळे स्त्रियांनी घराबाहेर काही काम करावे ही गोष्ट नगरच्या एका वर्तुळात तरी नवलाची राहिली नव्हती. याचा अर्थ ते वर्तुळ सुखाचे होते असा नव्हे. नव्याने आलेल्या ब्राह्मण बाईकडे तेथेही कुतूहलाने आणि कधी संशयाने पाहिले जाई. परंतु तेथे तिच्या अवस्थेस निदान एक नाव होते : टिळकांची पत्नी.

याच वेळी दख्खनवर आपत्तींची रांग लागली होती. १८९६–९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९–१९०० चा दुष्काळ आला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग दख्खनच्या गावोगावी पसरला. पर्जन्यछायेत असलेल्या नगर जिल्ह्यास दुष्काळ नवा नव्हता, तरी लागोपाठच्या या दोन दुष्काळांनी निराधार मुलांची संख्या अतोनात वाढली व मिशनच्या संस्था अशा मुलांनी भरून गेल्या. टिळकांच्या घरातही अनाथ, आजारी, विद्यार्थी आणि पाहुणे यांचा राबता कधी संपला नाही. कोणासही घरी घेऊन यावे हा टिळकांचा स्वभाव होता, आणि घेऊन आलेल्याच्या ताटात काय वाढावयाचे ही काळजी लक्ष्मीबाईंची होती.

या काळजीचा विचार थोडा बारकाईने करावयास हवा. वियोगाच्या वर्षांतील काळजीस विषय होता पण कृती नव्हती. पती काय करीत असेल, पुढे काय होईल, या प्रश्नांवर करण्यासारखे हाती काहीच नव्हते. नगर–राहुरीच्या काळजीस कृती होती. तांदूळ संपले तर मिळवावयाचे होते, मूल तापले तर त्याच्या उशाशी बसावयाचे होते. मराठीत ‘काळजी वाटणे’ आणि ‘काळजी घेणे’ ही दोन क्रियापदे एकाच नामापासून होतात. पहिलीत माणूस भोगणारा असतो, दुसरीत तो कर्ता होतो. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील हे संक्रमण व्याकरणाच्या या भेदाने जितके नेमके सांगता येते तितके अन्य कशाने सांगता येणार नाही.

राहुरीच्या वास्तव्यात दुसरी महत्त्वाची घटना घडली. जातिभेद हा मनुष्याने निर्माण केलेला आहे या निष्कर्षास लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी घडले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. धर्मेतिहासाच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही निर्णायक घटना असेल. परंतु मनाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाण्याचा तो पेला अधिक निर्णायक म्हटला पाहिजे. जलालपूरच्या घरात वडिलांच्या भीतीने ज्या आचाराचे रूप घेतले होते, तो आचार येथे गळून पडला. त्याबरोबर बालपणापासून अंगात भिनलेली शंकाही सैल झाली. त्यांनी सोडले ते केवळ एक सामाजिक बंधन नव्हते. दोन पिढ्यांची धास्ती त्यांनी खाली ठेवली.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. पतीशी पुनर्मीलन झाले, धर्म बदलला आणि सर्व दुःख मिटले, अशी सरळ रेषा या चरित्रास नाही. टिळकांची अस्थिरता कायम राहिली, पैशाची विवंचना कायम राहिली, आजारपणे आली आणि गेली. बदलले ते एवढेच की, लक्ष्मीबाईंना आता स्वतःचे स्थान होते, त्या स्थानावर करावयाचे काम होते आणि बोलावयास माणसे होती. उद्वेग नाहीसा झाला नाही. तो आयुष्याच्या एका कोपऱ्यात मावू लागला.

याच घरात काही काळ त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, यांनी आश्रय घेतला. निसर्गाच्या आनंदाचे गीत गाणारा आणि त्याच वेळी अकारण खिन्नतेने झाकोळून जाणारा हा तरुण लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढला. स्वतः उदासीचा तळ पाहिलेल्या बाईने दुसऱ्याच्या उदासीस घरात जागा द्यावी, हे वाङ्मयेतिहासाने कविचरित्रातील एक गोड प्रसंग म्हणून नोंदविले आहे. ‘स्मृतिचित्रे’त बालकवींचे जे चित्र आले आहे त्यात त्यांच्या लहरी, त्यांचे रुसवे यांची थट्टा आहे, पण निवाडा नाही. या चित्राकडे मनोव्यथेच्या सामाजिक इतिहासातील पुरावा म्हणूनही पाहता येईल. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यानंतर वर्षभरातच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळक वारले.

६

आता हसण्याच्या प्रश्नाकडे वळता येईल.

लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिली नव्हती. पतीच्या प्रोत्साहनाने त्या वाचावयास व लिहावयास शिकल्या. पुढे त्यांनी कविता केल्या. ‘भरली घागर’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुरे करण्याचे काम त्यांनी वैधव्यात अंगावर घेतले. टिळकांची सुमारे साडेदहा अध्यायांची रचना होती. तीत त्यांनी चौसष्ट अध्यायांची भर घातली. ज्या पतीची वाट पाहण्यात अर्धे आयुष्य गेले, त्याचे काम त्याच्या मागे पुरे करणे हा वाट पाहण्याचा शेवट होता.

‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली ती या सर्वांनंतर, साठी उलटल्यावर. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लेखिकेचा अंत झाला आणि अखेरचा भाग पुरा करण्याचे काम देवदत्त टिळकांकडे आले. म्हणजे १८९५ चा उद्वेग आणि त्याचे कथन यांत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे. एखादा अभ्यासक असा आक्षेप घेईल की, इतक्या अंतरानंतरचे, तेही विनोदाने रंगलेले कथन मूळ अनुभवाचा पुरावा कसे मानावे? हा आक्षेप निराधार नाही. वियोगकाळातील दैनंदिनी असती तर ती अधिक मोलाची ठरली असती यात शंका नाही.

परंतु हा विनोद कोठे येतो आणि कोठे थांबतो हे पाहिले असता साधनाची विश्वसनीयता वाढते. वडिलांचे सोवळे, पतीचा विसराळूपणा, स्वतःचे अज्ञान, घरातील ओढग्रस्त यांबाबत लेखिका मनमुराद हसते. अपत्यांच्या मृत्यूविषयी मात्र ती थोडक्यात बोलते आणि पुढे जाते. धर्मांतराच्या वार्तेनंतरच्या दिवसांचे वर्णन करताना तिची वाक्ये आखूड होतात. विनोद हा सर्वत्र सारखा पसरलेला रंग असता तर तो वाङ्मयीन शैली मानून बाजूस ठेवता आला असता. तो निवडक आहे. ज्या दुःखावर काळाने साय धरली त्यावर हसू आहे, आणि जे अजून ओले आहे तेथे मौन आहे. इतिहासकाराने हसू व मौन या दोहोंची मिळून एक नोंद मानली पाहिजे.

शिवाय हे हसू लेखिकेने दुसऱ्याच्या अंगावर टाकलेले नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत पतीविषयीचा आदरभाव हा निवेदनाचा आधार आहे. आनंदीबाई कर्वे यांच्या १९४४ च्या ‘माझे पुराण’मध्ये कष्टांचा रोखठोक हिशेब आहे. लक्ष्मीबाईंनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी पतीवर प्रेम केले, त्याचे दोष सांगितले आणि या दोन गोष्टींत विरोध मानला नाही. ज्या वर्षांत एका बाजूस उभे राहिल्यावाचून बोलताच येत नव्हते, त्या वर्षांविषयी त्या अखेर दोन्ही बाजूंनी बोलू शकल्या. मन मोकळे होणे म्हणतात ते हेच असावे. त्यास चाळीस वर्षे लागली.

७

या विवेचनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरात जन्मल्या, कवीच्या पत्नी झाल्या, ग्रंथकर्त्या पुत्राची माता झाल्या. म्हणून त्यांची कथा छापली गेली. त्याच दुष्काळात नगर जिल्ह्यातील सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या, मूल गमावलेल्या वा टाकून द्यावे लागलेल्या हजारो स्त्रियांचे मन कोणी लिहून ठेवले नाही. त्यांचे साधन जात्यावरची ओवी हे होय. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित करविल्या. बाईने बाईजवळ, हात कामात असताना आणि पहाटेच्या अंधारात बोलावे, ही ओवीची पद्धत आहे. रमणे आणि मोकळे होणे हे दोन्ही उपाय तीत एकत्र आले आहेत. या ओव्या मनोव्यथेच्या दृष्टीने वाचण्याचे काम पुष्कळ शिल्लक आहे. घरोघर जाते बंद पडल्यावर ती बोलण्याची जागा कोणी घेतली, हाही त्याच कामाचा भाग होय.

या प्रश्नाचे एक उत्तर नगर जिल्ह्यातच मिळते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला, आणि १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास त्याचे काम खेड्यांत रुजत गेले. निरक्षर वा अल्पशिक्षित, बहुधा दलित वा गरीब घरांतील स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हे त्या प्रकल्पाचे वैशिष्ट्य. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेविकांचे जामखेडला नियमितपणे एकत्र जमणे, आपापल्या गावातील अडचणी सांगणे आणि एकमेकींकडून शिकणे ही त्या कामाची पद्धत होती. ज्या बाईस गावात नाव नव्हते तिला तेथे स्थान मिळाले, काळजी घेण्याचे काम मिळाले आणि बोलावयास सोबतिणी मिळाल्या. टिळकांच्या घरात जे योगायोगाने जुळून आले, ते येथे योजनापूर्वक घडविण्यात आले.

यावरून काम हेच सर्व मनोविकारांचे औषध होय असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. नैराश्य हा आजार आहे, तो स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळतो, त्यावर औषधोपचार व समुपदेशन यांचा उपयोग होतो, आणि २०१७ च्या कायद्याने असा उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. आजची नगर जिल्ह्यातील बाई आपल्या अवस्थेस ‘टेन्शन’ म्हणते. हा परका शब्द तिने घरचा करून घेतला आहे, आणि त्याचे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. टेन्शन ‘येते’ आणि टेन्शन ‘घेतले’ जाते. ‘टेन्शन घेऊ नकोस’ या सांत्वनात व्यथेचे कर्तृत्व, आणि म्हणून दोषही, भोगणारीवर आला आहे. जुन्या ‘घोर लागला’ या प्रयोगात तो दोष नव्हता. वैद्यकाने दिलेले ज्ञान आणि जुन्या वाक्यरचनेतील निर्दोषता ही दोन्ही एकत्र नांदू शकतील अशी भाषा मराठीस अद्याप घडवावयाची आहे.

१८९५ मध्ये एका बाईच्या अवस्थेस मराठीत नाव नव्हते. तिने ते नाव शोधले नाही. तिने आपली सारी हकीकतच सांगून टाकली. त्या हकीकतीत वाचकास हसू येते, आणि त्या हसण्यामागे साडेचार वर्षांचा काळोख आहे. तो काळोख दिसल्यावरही हसू कमी होत नाही, यातच ‘स्मृतिचित्रे’चे साधन म्हणून मोल आहे.